मोर, विळा आणि एक नाव

देवगाव फाट्यावरच्या बियाण्याच्या गोदामात मनकर्णा शिरते न शिरते तोच तिला दिसलं — एक अनोळखी तरुण ओल्या फडक्यानं खांबावरचा तिचा मोर पुसत होता.

“हात काढा! काय करायलात?”

तो दचकला. फडक्यातलं पाणी त्याच्याच शर्टावर ओघळलं.

“खांबाला अक्षरं टाकायलोय. गोडाऊनला कॉम्प्युटर येणार हाय.”

“आन् मोरानं काय घोडं मारलं त्याचं?”

त्याला हसू आलं, आणि गालाला खळी पडली. मनकर्णाला आणखीच राग आला. भांडायच्या माणसाला खळी असूच नये!

तो नागनाथ. वालूरच्या किशनराव जमीनदाराचा धाकटा, परभणीच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला. आणि मनकर्णा गोदामाची कारकून, फाट्याजवळच्या बौद्ध वस्तीतली, चोवीस वर्षांची आणि कुणाच्या बापाला न भिणारी. ती येण्याआधी कुठला माल कुठे हे फक्त म्हाताऱ्या मुकादमाच्या डोक्यात असायचं. तो तापानं झोपला की सगळं गोदाम आंधळं. पोती उचलायच्या वस्तीतल्याच दगडाबाई आणि तिच्या सहा जणी, अक्षर एकीलाही येत नव्हतं. म्हणून मनकर्णानं अकरा खांबांवर चुना-गेरूनं चित्रं काढली. मोराच्या खांबाशी ज्वारी, विळ्याच्या खांबाशी हरभरा, चाकाशी करडई. बाया डोळे झाकून माल काढायला लागल्या.

“चित्रं शाळेत काढा,” मॅनेजर माणिकराव म्हणाले. “आता ए, बी, सी. नाव बदललं म्हणून माल बदलतो का?”

“नावानं काय बदलतं ते आमच्या वस्तीला इचारा साहेब. विद्यापीठाच्या नावासाठी तेरा वर्षं झाली झगडायलोत.”

माणिकरावांना एकदम खोकला आला. शेवटी ठरलं, आधी तीनच खांबांवर अक्षरं टाकायची, आठवडाभर बघायचं, मग पुढचं. तीन खांबांत मोर गेलाच. त्याच्या जागी काळ्या रंगाचा सी आला.

त्या आठवड्यात हस्ताचा पाऊस पत्र्यावर असा कोसळला, की बोलायचं तर जवळ यावं लागे. दोघं जवळ येत... आणि भांडत.

“तुमच्या मोराला इचारा, यातलं आधी आलेलं पोतं कोणतं?” नागनाथ म्हणाला.

मनकर्णानं करडईच्या चाकाकडे पाहिलं. मग खरं तेच बोलली. “न्हाई सांगता येत. गेल्या साली जुनी करडई मागंच ऱ्हायली. उगवलीच न्हाई. लय जिवाला लागलं.”

“कॉम्प्युटर ते सांगंल.” त्यानं तिच्याकडे पाहिलं. “पण रागावल्यावर तुमच्या नाकाचा शेंडा लाल का होतो, ते त्याला बी न्हाई सांगता यायचं.”

“तुमी माल मोजायला आलात का नाकं?”

ती तरातरा निघून गेली खरी, पण जाता जाता तिनं खिडकीच्या काचेत नाक बघून घेतलं.

पाऊस उघडला. पेरणीसाठी शेतकरी ट्रॅक्टर घेऊन दारात उभे राहिले. माणिकराव आत नागनाथला म्हणाले, “काढा ज्वारीची दहा पोती. आधी आलेली आधी.” नागनाथनं नव्या कॉम्प्युटरची बटणं दाबली, चिठ्ठीवर मोठा सी लिहिला आणि ती दगडाबाईच्या हातात दिली. तिनं चिठ्ठी उलटसुलट पाहिली. “विळा हाय की!” असं म्हणून सातही जणी विळ्याच्या खांबाकडे गेल्या आणि हरभऱ्याची दहा शिवलेली पोती घेऊन आल्या.

दारातले शेतकरी खो खो हसले. माणिकराव मात्र हसले नाहीत.

“सोमवारपासून शिकलेली चार माणसं आणा. या बाया बंद.”

दगडाबाईच्या डोक्यावरचं पोतं तसंच राहिलं. सात चुलींचा प्रश्न होता. मनकर्णानं हातातली वही आपटली.

“सोमवार कशाला? आजपासूनच बंद. बसा गं उंबऱ्यावर! साहेब उचलतील पोती.”

सातही जणी दारात बसल्या. मनकर्णा आठवी. बाहेर ट्रॅक्टरांची रांग वाढत चालली.

आणि मग नागनाथ उठला आणि बायांच्या रांगेच्या टोकाला येऊन बसला.

“चूक बायांची न्हाई, माझी हाय. चित्र वाचणाराच्या हातात मी अक्षर दिलं. माझ्या यंत्रात खांबांना चित्रांचीच नावं घालतो, तीन दिवस द्या. दुकानाचा मालक काढून टाकीना का!”

ऊन तापलं होतं. दगडाबाईनं आपला पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि मग वालूरचं घराणं आठवून हात मागे घेऊ लागली. नागनाथनं तो घेतला आणि तोंड लावून घटाघटा प्याला. मनकर्णानं दुसरीकडे पाहिलं, कारण डोळे भरून आले होते. तिला त्याच क्षणी कळलं, आपण पुरत्या बुडालो.

अकरावा ट्रॅक्टर आला तेव्हा माणिकराव नमले.

चौथ्या दिवशी पडद्यावर मोर आला, विळा आला, चाक आलं, आणि प्रत्येकापुढे पोतं कोणत्या तारखेचं तेही. यंत्रानं तारीख सांगायची, मनकर्णानं खडूनं चित्र काढून द्यायचं, बायांनी माल आणायचा. खांबावरचा मोर नागनाथनं स्वतः पुन्हा रंगवला. तो कोंबडीसारखा दिसत होता.

“राहू द्या,” ती हसून म्हणाली. “अंडी तरी देईल.”

तो हसला नाही. “मनकर्णा... माझ्या घरी येशील? कायमची?”

तिनं हातातला खडू खाली ठेवला.

“तुमच्या घरी मी मागच्या दारानं येणार न्हाई.”

“पुढचं दार बाबांनी लावलं, तर फाट्यावर खोली बघू. तिला एकच दार असतं.”

“लग्नात तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितात तुमच्यात. ते बी चालणार न्हाई. विद्यापीठाच्या नामांतरासाठी मी भांडते, पण माझं होऊ द्यायची न्हाई.”

नागनाथ यंत्राकडे वळला. अकरा चित्रांखालच्या बाराव्या, रिकाम्या जागेसमोर त्यानं एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर तिचं नाव उमटलं — मनकर्णा.

तिनं त्याच्या बोटांवर हात ठेवला. भर दुपारी, सगळ्या बायांसमोर.

“पूस ते. गोडाऊनात नको. आपल्या दारावर लिही. तुझ्या नावाच्या शेजारी... खाली न्हाई.”