हरीओमची राखीव जागा

हसणारे हसतील. हसू द्या.

पण गोपाल माझ्या चुलतभावाचा, शालिकरामचा पोरगा आहे. शेलूबाजारच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की भाजीपाल्याच्या मळ्यात त्यांचं घर लागतं. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं तिथं जावं आणि विचारावं. गोपाल सांगेल. त्याची माय आवडाबाई मात्र उठून आत जाईल. तिला त्या दिवसाचं बोलवत नाही.

दिवस मागच्या आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. भर दुपार होती, आणि ऊन असं की वांग्याची पानं तव्यावर टाकल्यासारखी गळून गेली होती.

सणाला सगळी पोरं गावी आली होती. पुण्याची, संभाजीनगरची. लहानपणापासून ही मंडळी कॉम्प्युटरवर गोळीबाराचा खेळ खेळायची. बाहेरच्या सर्व्हरवर खेळलं की खेळ अडकायचा, इकडून गोळी सुटेपर्यंत तिकडून जीव गेलेला असायचा. म्हणून गोपालनं ठरवलं, आपला स्वतःचा सर्व्हर लावायचा. सर्व्हर म्हणजे खेळाचं मैदान सांभाळणारी मशीन. ती स्वतः खेळत नाही. तिच्या पडद्यावर चित्र नसतं, आवाज नसतो. एक काळी खिडकी असते आणि तिच्यात ओळी उमटत जातात. कोण आलं, कोण गेलं, कोणी कोणाला मारलं.

बाहेरच्या खोलीत बसून गोपाल सकाळपासून तेच करत होता. मैदान कोणतं, माणसं किती, आपल्याच गड्याची गोळी आपल्याला लागावी की नाही, सगळं एकेक करून लिहीत होता. खेड्यातलं नेट मधूनच जातं. नेट गेलं की सर्व्हर त्या खेळाडूला लगेच बाहेर काढतो. ते होऊ नये म्हणून गोपालनं मुदत वाढवून ठेवली. म्हणजे खेळणारा तुटला तरी त्याचा माणूस मैदानात बराच वेळ उभा राहणार.

शेवटी त्यानं एक जागा राखीव ठेवली.

हरीओमच्या नावानं.

हरीओम त्यांच्यातला सगळ्यात पक्का खेळाडू. मागच्या दिवाळीच्या आधी सोयाबीन काढताना त्याचा हात मळणीयंत्रात ओढला गेला. हाताबरोबर खांदा गेला, खांद्याबरोबर मान. गोपाल तेव्हा पेंढ्या उचलून देत होता. मशीन बंद करायला तोच धावला होता. ते ओरडणं त्यानं अगदी जवळून ऐकलं होतं.

सर्व्हरमध्ये शिरताना जी पाटी दिसते, तिच्यावर गोपालनं लिहिलं, "हरीओम, ये भाऊ. तुही जागा ठेवली आहे."

आवडाबाई पितरांचं पान वाढून बाहेर आली. पदरानं घाम पुसत तिनं विचारलं, "काय करून राह्यला रे सकाळपासून? जेवाले ये ना."

"हरीओमले बसवून राह्यलो माय. तुमी आजोबाले बसवलं, आमी आमच्या दोस्ताले."

तिचा हात पदरावरच थांबला.

"त्याचं वरीस भरलं नाई अजून."

"मंग?"

"वरीस भरल्याबिगर आखाजीले कोणाले बोलावत नसतेत. त्यो पितरात मिळाला नाई अजून. बसवलं तर त्याले उठवता येत नाई. पुसून टाक ते नाव."

"माय, मशीन आहे ते. पाट नाई."

"बोलावलं ना तू त्याले? मंग पाटच झाला तो."

गोपाल हसला. नाव पुसलं नाही.

जेवणं झाली. आमरस, कुरड्या, चिंचवणी. गावं सुस्तावली आणि पोरं आपापल्या घरून खेळात आली. केनवडचा राजपाल. मालेगावचा हेमसिंग. आणखी काही जण. गोपालचा धाकटा भाऊ गणेश मागच्या खोलीत लॅपटॉपवर. कानाला हेडफोन लावून सगळे एका कॉलवर बोलत होते. गोपाल स्वतः खेळत नव्हता, त्याला सर्व्हर कसा चालतो ते पाहायचं होतं.

"अबे गोपाल, मस्त पळून राह्यला बे तुहा सर्व्हर!"

"राजपाल, लेका रस जास्त झाला वाटते तुले. भिंतीवर कायले गोळ्या मारतं?"

"तुह्यापेक्षा भिंत बरी दिसते म्हणून."

हसणं. गोळ्यांचे आवाज. काळ्या खिडकीत भराभर ओळी उमटत होत्या.

मग एक ओळ उमटली...

*हरीओम आला.*

गोपालला वाटलं, कोणीतरी मस्करी करतोय.

"कोण आहे बे? हरीओमचं नाव कोणी लावलं?"

सगळे म्हणाले, आम्ही नाही.

प्रत्येक खेळाडूच्या नावापुढं तो कुठून जोडला गेला त्याचा आकडा येतो. या नावापुढं काहीच नव्हतं. गोपालनं खेळाडूंची यादी काढली. यादीत सगळे होते.

हरीओम नव्हता.

आणि कॉलवर एक आवाज यायला लागला. लांबून... घर्रर्र... घर्रर्र...

"पंखा कोणाचा आहे बे एवढा?" हेमसिंगनं विचारलं.

कोणाचाच नव्हता. गोपालनं हेडफोन कानाशी दाबून धरला. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. पेंढी तोंडात गेली की मळणीयंत्र असाच आवाज करतं.

खिडकीत ओळ आली.

*हरीओमनं राजपालला मारलं. चाकू.*

"आयला, मागून आला लेकाचा," राजपाल हसत म्हणाला. "दिसला बी नाई. अबे हरीओम, कोण आहे तू? समोर ये ना..."

तो थांबला.

"अबे... हे काय..."

त्यानंतर शब्द नव्हते. घागर पालथी केल्यावर पाणी जसं गुडगुडत बाहेर पडतं, तसा आवाज होता. खुर्ची पडली. मग अंगणातून कोणीतरी आत आलं असावं, कारण एक बाई ओरडली. ती ओरडतच राहिली.

"राजपाल? अबे राजपाल!"

खेळातल्या लिहायच्या जागी, जिथं पोरं एकमेकांना शिव्या देतात, तिथं हरीओमच्या नावानं शब्द उमटले.

*मजा आली बे. किती दिवसानं खेळून राह्यलो.*

गोपालनं हुकूम लिहिला. हरीओमला बाहेर काढ.

सर्व्हरनं उत्तर दिलं. असा कोणी खेळाडू इथं नाही.

त्यानं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. आणि त्या उत्तराच्या खालीच...

*हरीओमनं हेमसिंगला मारलं. डोक्यात गोळी.*

कॉलवर फट्‌कन आवाज झाला, भोपळा फरशीवर आपटावा तसा. हेमसिंग गुरासारखा हंबरला. "माहा डोया! माय वं, माहा डोया!"

"बंद करा! सगळे बंद करा बे! उठा!" गोपाल ओरडला आणि हेडफोन फेकून मागच्या खोलीकडं धावला.

गणेश खुर्चीत बसलेला होता. डोळे पडद्यावर. कानाला हेडफोन. त्याच्या कानशिलावरून घाम वाहत होता आणि त्याची बोटं बटणांवर चालत होती.

"ऊठ!"

"दादा, थांब, त्यो मह्याकडंच येऊन राह्यला..."

गोपालनं त्याला दंडाला धरून खुर्चीवरून ओढला, लॅपटॉपचं झाकण आपटलं, नेटची डबी भिंतीवरून उपसून काढली. गणेशला भिंतीशी बसवून तो परत मशीनपाशी आला.

काळ्या खिडकीत गणेशचं नाव तसंच होतं.

तुटला, पण मैदानात उभा. मुदत गोपालनंच वाढवलेली.

त्यानं मशीनची वायर उपटली. पडदा काळा झाला. पंखे थांबले. घरात एकदम शांतता झाली.

आणि त्या शांततेत मागच्या खोलीतून पावलं वाजली...

मिटलेल्या लॅपटॉपमधून.

खरखर... खरखर... मळणीच्या वाळल्या कुटारावरून, भुशावरून कोणी चालावं तशी.

गोपालनं झाकण उघडलं. नेट नव्हतं, सर्व्हर नव्हता, पण खेळ चालू होता. गणेशचा माणूस एका भिंतीला टेकून उभा होता, जसा गणेश या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. समोरून कोणीतरी येत होतं. घाई नव्हती त्याला. डोक्यावर नाव तरंगत होतं. एका हातात चाकू.

दुसरा हात खांद्यापासून नव्हता.

खेळात असा माणूस नसतो. बनवताच येत नाही.

"दादा, मले गळ्यापाशी थंड लागून राह्यलं," गणेश म्हणाला.

गोपालनं वळून पाहिलं. गणेशच्या गळ्यावर, जिथं काहीच नव्हतं, तिथं केसाएवढी तांबडी रेघ उमटत होती.

आवडाबाई दारात आली. तिनं कोणाला काही विचारलं नाही. ती आत गेली आणि लगेच परत आली, एका हातात वाढलेली पत्रावळ, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. पत्रावळ तिनं लॅपटॉपसमोर ठेवली आणि पडद्याशी बोलायला लागली, दारी आलेल्या पोराशी बोलावं तशी.

"हरीओम, बापू, जेवून घे. ये, हातावर पाणी घालतो. लय खेळला, आता जाय बावा. माह्या गणेशले सोड."

पडद्यावर शब्द आले.

*काकू, हा एकच डाव.*

आणि चाकू उचलला गेला.

गणेशच्या गळ्यातून रक्ताची पहिली धार निघाली. पातळ. गळपट्टीवर सांडली.

गोपालनं माउस धरला. गणेशच्या माणसाच्या हातात बंदूक होती. निशाण समोरच होतं. इतकं जवळ की चुकणं शक्य नव्हतं. हरीओमचा चेहरा खेळातल्या सगळ्या माणसांसारखाच होता, पण त्यानं मान जराशी वाकडी केली. हरीओम जिंकायला लागला की तशीच करायचा.

"माफ कर भाऊ," गोपाल म्हणाला.

त्यानं बटण दाबलं. आणि दाबूनच धरलं. बंदूक रिकामी होईपर्यंत.

जे ओरडणं लॅपटॉपमधून आलं, ते खेळातलं नव्हतं.

ते सोयाबीनच्या वावरातलं होतं. गोपालनं एकदा ऐकलेलं. त्यात शेवटी त्याचंच नाव होतं, तेव्हाही आणि आत्ताही. "गोपाल रे..."

पडदा विझला. घर्रर्र थांबलं. गणेश खाली कोसळला. आवडाबाईच्या हातातला तांब्या तसाच भरलेला होता. हातावर पाणी घातलं की पितर पानावरून उठतो आणि जातो. ते घालायचं राहून गेलं होतं.

राजपाल दवाखान्यात पोचण्याआधीच गेला. गळा कानापासून कानापर्यंत चिरलेला. खोलीत चाकू नव्हता, काच नव्हती, पत्रा नव्हता. कागदावर अपघात अशी नोंद झाली. हेमसिंगचा डोळा गेला, आणि तो कशानं फुटला हे डॉक्टरला सांगता आलं नाही. बाकीची पोरं सणाची सुट्टी टाकून पळाली. गणेशच्या गळ्याला टाके पडले. तो वाचला.

गोपालनं मशीन कुऱ्हाडीनं फोडून पडक्या विहिरीत टाकली. लॅपटॉप आवडाबाईनं कुलपात ठेवला.

इथं संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

आठवड्याभरानं हरीओमची माय, रुपाबाई, मळ्यात आली. पोरगा गेल्यापासून ती कोणाशी बोलत नव्हती. ओसरीवर बसली. पाणी घेतलं नाही.

"माहा पोरगा आला होता म्हणतेत तुमच्या घरी."

आवडाबाई उठून आत गेली.

"मले काहून नाई बोलावलं?"

"काकू, त्यानं राजपालले..." गोपाल सांगायला लागला.

"मले ठाऊक आहे. आन तू त्याले पुन्हा मारलं, ते बी ठाऊक आहे." ती रागानं बोलत नव्हती. तेच जास्त वाईट होतं. "एकडाव लाव ना बापू ते मशीन. मले खेळाचं काय समजते? मी नुसती पाह्यत बसन."

"फोडलं काकू ते."

तिनं मान हलवली. मग तिची नजर गणेशवर गेली. गळ्याच्या पट्टीवर. ती बराच वेळ पाहत राहिली आणि उठून गेली.

त्यानंतर गणेश दुपारचा घरातून दिसेनासा व्हायला लागला. विचारलं की म्हणायचा, पानठेल्यावर होतो. एका दुपारी गोपाल त्याच्या मागं गेला. गणेश गल्लीबोळानं रुपाबाईच्या घरात शिरला आणि आतून कडी लागली.

गोपाल दाराशी उभा राहिला. खिडकीला गोणपाट लावलेलं. रुपाबाईच्या घरी ना कॉम्प्युटर, ना नेट. गणेशचा लॅपटॉप आवडाबाईच्या कपाटात, किल्ली तिच्या कमरेला. त्याचा मोबाइल गोपालच्याच खिशात होता.

आतून आवाज आला...

घर्रर्र... घर्रर्र...

मग रुपाबाई हसली. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा. आणि लाडानं, लेकराला दटावावं तसं म्हणाली,

"हळू मार रे हरीओम. त्याले लागते ना!"

गोपालनं दार धडाधडा वाजवलं. आवाज थांबले. कडी निघाली. रुपाबाई आत पाटावर बसली होती, समोर पत्रावळ. खोलीत दुसरं काही नव्हतं. गणेश उंबऱ्यात उभा होता, आणि त्याच्या गालावर ताजी चीर होती.

"काय करत होता इथं?"

"काही नाई दादा," गणेश म्हणाला. "खेळत होतो."

मी शालिकरामला किती वेळा सांगितलं, पोराला इथून लांब पाठव, जिथं रुपाबाईचं घर नसेल. पाठवला पण. पुण्याला, मामाकडं.

परवा मामाचा फोन आला. गणेश बरा आहे, जेवतो, कामाला जातो. फक्त दुपारी खोलीचं दार लावून घेतो. आणि त्याच्या दंडावर नवी जखम आहे. खांद्यापाशी, गोल, सगळीकडून सारखी. मळणीयंत्रानं हात पिळवटून ओढल्यावर होते तशी.

आवडाबाई रोज दुपारी उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या घेऊन बसते. कोणाच्या हातावर घालायचं, ते तिला समजत नाही.