रवळोजींची सांगड

भाद्रपदातल्या त्या पहाटे तांबवी नदीकाठच्या शिवणगडीच्या भुईकोटाला जाग आली ती नौबतीने नव्हे, पाण्याच्या गर्जनेने. डोंगरात कोसळलेला पाऊस काठ ओलांडून धावत होता, आणि नव्या बंधाऱ्याच्या कामासाठी नदीतल्या खडकावर पालं ठोकून राहिलेली बेलदारांची टोळी बायकापोरांसह तिथेच अडकली होती.

किल्लेदार हैबतराव काळोखे तटाखाली उतरले, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू रवळोजी कमरेला दोर बांधून उभे होते.

"थांबा रवळोजी. फिरंगी नौका काढा!" हैबतरावांनी हुकूम सोडला.

किल्ल्याच्या कोठारांचे कारखानीस विसाजीपंत यांनी ती नौका गेल्या वर्षी आणवली होती. पितळी कड्यांची, दातेरी चाकांवरून साखळी ओढून चालणारी! रवळोजींनी तेव्हाच विनवले होते, "दादासाहेब, पुरात हाती येईल ते कोणालाही वापरता आलं पाहिजे. दोन वाळले भोपळे जोडले की सांगड होते. काखेत घेतली की न पोहणाराही तरतो." पण असले भोपळे कोठारात दिसले तर सुभेदारांपुढे शोभा काय राहील, असे पंत किल्लेदारांच्या कानाशी लागले, आणि हैबतरावांनी सारे भोपळे गोसाव्यांना पाण्याच्या तुंब्यांसाठी वाटून टाकले. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा तो कारभार. आणि तो हैबतरावांसारख्या शहाण्या माणसाने केला, याचेच वाईट वाटते.

"पाण्यात उतरवून पाहिली आहे ना?" हैबतरावांनी विचारले.

पंतांचा चेहरा उतरला. "नाही सरकार. दसऱ्याला सुभेदारसाहेबांच्या हस्तेच पहिल्याने सोडायची, म्हणून तिच्यावरची लाखेची मोहर तशीच राखली."

मोहर फोडली. कोणते चाक आधी फिरवायचे हे एकालाही ठाऊक नव्हते. साखळी दात्यांत अडकली, नौका आडवी झाली आणि बुरुजावर आदळून फुटली. आतल्या शिपायांना कसेबसे ओढून काढले.

रवळोजींनी स्वतःच्या घरातली सांगड मागवली. किल्ल्यात तेवढी एकच उरली होती.

"एका सांगडीनं काय होणार?" हैबतराव म्हणाले.

"दोर तरी पलीकडे जाईल. आज्ञा असावी, दादासाहेब."

किल्लेदारांनी मान हलवली. रवळोजी प्रवाहात शिरले, खडकावर पोहोचले आणि दोर बेलदारांनी तिथे रोवलेल्या पहारीला बांधला. मग सांगड काखेत घेऊन, दोराला धरून एकेक माणूस काठाला लागू लागला, आणि दर खेपेला रवळोजी सांगड परत खडकावर नेत. आधी लेकुरवाळ्या बाया, मग म्हातारे, मग बाकीचे. शेवटी एक गरोदर बेलदारीण राहिली. भीतीने तिचा पाय निघत नव्हता. तोवर खडक पाण्याखाली गेला आणि पहार उखडली, तेव्हा रवळोजींनी दोराचे टोक स्वतःच्या अंगाभोवती घेतले, खडकाच्या खाचेत पाय रोवले आणि सांगड तिच्या काखेत बांधली.

"आन् तुमी, सरकार?"

"मला पोहता येतं, बाई. निघा तुम्ही."

बाई काठाला लागली आणि दोर सैल पडला. हैबतरावांनी तो भराभर ओढला. हाती नुसते ओले टोक आले.

गावभर लोक दैवाला बोल लावू लागले. तिसऱ्या प्रहरी हैबतराव भावाच्या वाड्यात गेले. पडद्याआड रवळोजींची पत्नी येसूबाई बसल्या होत्या.

"दादासाहेब, त्यांना दुसरी सांगड का मिळाली नाही?"

"मी वाटून टाकल्या होत्या."

मग त्या म्हणाल्या, "हे दरबारात सांगा. नाहीतर लोक म्हणतील, त्यांना पोहता येत नव्हतं."

दसऱ्याला सुभेदार आले. भर दरबारात हैबतरावांनी स्वतःच्या तोंडाने सारे सांगितले आणि किल्लेदारीची तलवार खाली ठेवली. सुभेदारांनी ती उचलून घेतली. परत दिली नाही. बेलदारांनी बंधारा पुरा केला. रवळोजींचे शव कधीच सापडले नाही.