अक्रोडाची दोन पानं

स्ट्राती, तो रकी दारूचा पेला ठेव खाली आणि ऐक. तुम्हीही ऐका रे सगळे. आज पेंटेकॉस्टच्या सणाचा आदला शनिवार आहे, मेलेल्यांचा, आणि तुला अजून रिकामी बस घेऊन घाट चढायचाय. मागल्या वर्षी याच रात्री आपल्या सिफिसचं काय झालं ते ऐकून मग जा. ऐकीव नाही सांगत, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मी पाहिलंय.

सिफिस आणि धाकटा मार्कोस, दोघांची एकच सहलीची बस. सिफिस गाडीवर, मार्कोस माइकवर. थोरला घुम्या, धाकट्याच्या जिभेला हाड नाही. घाटातल्या मोठ्या वळणावर त्याचा ठरलेला विनोद असायचा, "उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर, मध्ये माझा दादा. तिघांपैकी एकही हसत नाही." डाव्या हाताची तर्जनी त्याची अर्धीच होती, बोटीच्या दोरात गेलेली. त्याच थोटक्या बोटानं तो प्रवाशांना अख्खं क्रीट बेट दाखवायचा.

त्याच वळणावरून तो मोटारसायकलसकट दरीत गेला. शवपेटी बंदच आणली. सिफिसला भावाचं तोंड बघायला मिळालं नाही, आणि ते त्याच्या जिवाला लागलं. भेटेल त्याला म्हणायचा, एकदा बघायला हवा होता.

तर त्या शनिवारी सकाळी तो प्रवासी घेऊन पठारावरच्या गुहेकडे निघाला. त्याची आई अर्गिरो मेलेल्यांसाठी गहू शिजवत होती. तिनं अक्रोडाची दोन हिरवी पानं त्याच्या हातात ठेवली. म्हणाली, "ईस्टरला सुटलेले जीव आज रात्री परत जातात. वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर ही डोळ्यांवर धर. आपण बघितलं की त्यांचा पाय निघत नाही."

"गाडी चालवताना डोळे झाकू? मग मीही त्यांच्यासोबतच पोचेन," सिफिस म्हणाला. कितीतरी महिन्यांनी त्याला विनोद सुचला होता. आईला काही हसू आलं नाही.

सहल झाली. गुहा झाली, पवनचक्क्या झाल्या, जेवणं झाली. अंधार पडता पडता त्यानं शेवटचं जोडपं किनाऱ्यावरच्या हॉटेलात सोडलं आणि एकटाच गावाकडे घाट चढू लागला. वळणावर मार्कोसच्या नावाचं ते पत्र्याचं छोटं देऊळ आहे ना, तिथे उतरला. दिव्यात तेल घातलं. वात लावली.

आणि ती पानं खिशातून काढून दरीत टाकून दिली.

"ये मार्को," म्हणाला. "एकदाच."

बस सुरू केली. जरा पुढे गेला असेल नसेल... स्पीकर खरखरला. माइक खुंटीला होता.

"उजवीकडे समुद्र..."



"डावीकडे डोंगर..."

मग काहीच नाही. इंजिनाची घरघर तेवढी. मागच्या बाकापासून कुणीतरी चालत पुढे येत होतं. सावकाश. बाकांना धरत धरत...

आरशात बघावं? त्यासाठीच तर पानं टाकली होती. त्यानं मान वर केली.

अंधार.

डोळ्यांवर काहीतरी गार, ओलं. मागून घट्ट दाबलेलं. हिरव्या पाल्याचा उग्र वास. त्यानं ब्रेकवर पाय रोवला...

डोळे मोकळे झाले तेव्हा बसचं पुढचं चाक कड्याच्या काठावर होतं. आत कुणी नव्हतं. सिफिस पायीच घरी गेला.

आता मार्कोसनं त्याला वाचवलं, की त्याच्यामुळेच गाडी काठावर गेली, ते मला विचारू नका. आईनं सिफिसचं तोंड दिव्याजवळ धरलं, बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे तो गेला नाही."

अक्रोडाच्या हिरव्या पाल्याचा तपकिरी डाग तुम्हाला माहीत आहे. पंधरा दिवसांत जातो. सिफिसनं लिंबू चोळलं, राख चोळली, आज वर्ष झालं. रात्रीसुद्धा काळा चष्मा का लावतो म्हणून त्याला हसता ना तुम्ही? मी चष्म्याखाली पाहिलंय. दोन्ही कानशिलांपासून पापण्यांपर्यंत तपकिरी बोटं उमटलीत. उजवीकडे चारही पुरी.

डावीकडे... एक अर्धंच.