भरून ठेवलेली दहा वाक्यं

बसा ना, ती खुर्ची रिकामीच आहे. माझी वही तेवढी वाचावी लागेल, कारण मला बोलता येत नाही. घाबरू नका, लागण होण्यासारखं काही नाही. समोरचे नाक चोंदलेले गृहस्थ आणि कानात कापूस घातलेल्या बाई आत जाऊन येईपर्यंत तुमचा नंबर काही लागत नाही. उद्या तुमच्या घशातली गाठ काढणार म्हणालात, म्हणून लिहितोय. नाहीतर मी कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

मी बसस्थानकावर माइकवरून गाड्यांची घोषणा करायचो. एकवीस वर्षं. 'फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी...' दिवसातून तीनशे वेळा. सगळे मला भोंगा म्हणायचे. घरीही तीच पट्टी. बायको म्हणायची, "अहो, मी फलाटावर नाहीये, शेजारी बसलेय!" मग माझा आवाज बसला. गुळण्या झाल्या, मध झाला, वाफ झाली. बोललं की घशात वाळू अडकल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, तर स्वरतंतूवर गाठ. साधीच होती. पण काढण्याआधी बजावलं, "नंतर तीन आठवडे एक अक्षर नाही. खाकरायचं नाही. कुजबुज तर मुळीच नाही, तिनं जास्त ताण येतो."

इथे मी शहाणपणा केला. मी रजेवर असलो की स्थानकावर माझ्या टेपवर भरून ठेवलेल्या घोषणा लावायचे. म्हटलं, घरीही तेच करू. धंद्याची खोड, दुसरं काय! ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फोनमध्ये दहा वाक्यं भरली. 'अगं, चष्मा कुठे ठेवलास?' 'मीठ जरा कमी झालंय.' 'आलो गं.' अशीच सगळी. नंतर बटण दाबलं की माझा आवाज यायचा आणि बायको हसून लोटपोट व्हायची. म्हणाली, "दहा वाक्यांत तुमचा संसार होतो, हे मात्र खरं!"

पाचव्या दिवशी दुपारी मी आंघोळ करून बाहेर आलो. फोन ओट्यावर होता. बायको पदरानं डोळे टिपत होती.

"हे कधी भरलंत हो?"

मी मानेनंच विचारलं, काय?

"'दमलीस ना गं? जरा बस माझ्याजवळ.'"

असं काही मी भरलं नव्हतं. खरं सांगू? जन्मात कधी म्हटलंही नव्हतं.

मी दहाही वाक्यं पुसली. फोन बंद करून कपाटात ठेवला. सातव्या दिवशी मी बाल्कनीत पेपर वाचत होतो, तेव्हा आतल्या खोलीतून माझा आवाज आला. हळू, मायेचा. आणि बायको हसत होती. धावत गेलो. ती एकटीच पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"बोलू नका म्हणालेत ना डॉक्टर?" ती लटक्या रागानं म्हणाली. "पण किती गोड बोलायला लागलात हो..."

बोलण्याऐवजी हाताशी ठेवलेल्या पाटीवर मी लिहिलं, 'मी नाही बोललो.' तिनं वाचलं, हसली आणि पाटी पुसून टाकली.

मग तो आवाज रोज बोलू लागला. लग्नानंतरच्या पहिल्या घराबद्दल, तिच्या निळ्या साडीबद्दल. मी विसरलेलं सगळं त्याला आठवत होतं. हळूहळू तिनं माझी पाटी वाचणं सोडलं. मला वाढताना कान त्या खोलीकडे. एकदा तिचा हात धरून मी रडलो, बिनआवाजाचा. पाटीवर लिहिलं, 'माझ्याकडे बघ.' तिनं हात सोडवून घेतला आणि आत गेली... कोणीतरी हाक मारली होती.

ओरडावंसं वाटायचं. पण ओरडलो आणि घसा कायमचा गेला तर? म्हणून दात आवळून गप्प राहिलो. एकच आशा होती. तीन आठवडे संपू देत, माझ्या तोंडानं एकदा 'अगं' म्हणू दे, की ती वळून बघेल.

एकविसाव्या दिवशी कपाटातला फोन खिशात टाकून इथे आलो. बायको तुमच्या याच खुर्चीत बसली होती. आत डॉक्टरांनी नळी घातली. "छान भरलंय. आता 'आ' म्हणा."

मी बेंबीच्या देठापासून जोर लावला. नुसती हवा आली. आणि दाराबाहेरून, या खोलीतून... 'आ...' लांबलचक, स्वच्छ, माझ्या पट्टीतला.

डॉक्टरांचे डोळे पडद्यावर होते. "वा! एकदम मोकळा."

बाहेर बायको म्हणाली, "झालं? चला मग."

नळी उपसून बाहेर धावलो. खुर्ची रिकामी. नोंदवहीतून मान वर न करता इथली मुलगी म्हणाली, "आत्ताच गेले दोघं. काय सुंदर आवाज झालाय हो त्यांचा!"

घराला कुलूप आहे, आतलं सामान नेलेलं आहे. मेहुणी म्हणते, कालच तिच्याशी बोलले, मागून तुम्हीही बोलत होतात की. मेसेजना उत्तर नाही. डॉक्टर म्हणतात, तंतू ठणठणीत आहेत, अडतंय ते मनात. मी रोज इथे येऊन बसतो, दुसरीकडे कुठे शोधू तिला? तुम्ही एवढं ऐका. आज घरी गेल्यावर कितीही वाटलं, तरी आपला आवाज कशात भरून ठेवू नका. पाटी वापरा.

आज सकाळी तिचा फोन आला. माझ्या याच फोनवर.

"हॅलो? हा फोन आमच्या ह्यांचा आहे. दवाखान्यात हरवला. कोणाला सापडलाय? ...बोला ना हो!"

सगळा जीव गळ्यात आणला. फोनवर नखं वाजवली. ती बाजूला कोणाला तरी म्हणाली, "उचललाय, पण कोणी बोलतच नाही हो."

आणि तिच्या अगदी शेजारून माझा आवाज आला, "राहू दे गं. मुका असेल बिचारा."