थांब्यापाशी वेग कमी

लिंबू. मधोमध चिरलेलं, वर कुंकू. शेजारी भाताची मूद.

पंचावन्नवरून एकोणीस. ब्रेकवर कुणाचाही पाय नाही.

निळ्या रंगात, पत्र्याच्या शेडवर : कै. रामलिंगअप्पा यांच्या स्मरणार्थ.

नोंद १७ : डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई म्हणजे झुडूप नव्हे.

माळाकोळीच्या पुढच्या वळणावर भर दुपारी बाराला कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही, असं पंपावरचा माणूस म्हणाला. मग हसला. मग हसायचा थांबला.

कारण : …

*

राजकन्या त्या गाडीत बसली, ती मुळात दुसरीच्या जागेवर. रोजची पुनम तापानं फणफणली, आणि कंपनीतल्या अण्णाराव सरांचा सकाळी सहाला फोन आला, “आजपासून संगमेश्वरच्या गाडीवर तू.” ऑक्टोबरचे दिवस. नांदेडच्या बाहेर, लातूर रोडवरच्या पंपापाशी पांढरी गाडी उभी होती. टपावर कॅमेऱ्यांची शिंगं, काचेवर भुरभुर पाऊस. तिनं दार उघडलं, केसांवरचे थेंब झटकले आणि आत बसली.

चाकामागच्या माणसानं मान वळवून बघितलं. आणि बघतच राहिला…

टिंग.

टिंग. टिंग.

“हे काय वाजतंय?”

“मी,” तो म्हणाला आणि झटकन समोर बघू लागला. “म्हंजे… गाडी. माझी नजर रस्त्यावरनं दोन सेकंदांच्या वर हटली की बोंबलती.”

“पण गाडी उभी आहे.”

“टेस्टिंगची हाय ना, मॅडम. उभी असली तरी हिचा माझ्यावर भरवसा न्हाई.”

“असं बघताय, जणू पहिल्यांदाच माणूस बघताय.”

“पहिल्यांदा न्हाई,” तो पुटपुटला. इतक्या हळू, की ते आपल्यासाठी होतं की नाही हेच तिला कळेना.

संगमेश्वर चाकूरचा. जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत त्यानं ही गाडी रोज एकट्यानं चालवली होती, सकाळी लातूरहून नांदेड, दुपारी परत. तो कुठं वळतो, कुठं दबकतो, कुठं ब्रेकवर पाय ठेवतो, ते सगळं गाडी मुकाट्यानं टिपून घेत होती. त्याचे हातपाय तिनं पाठ केले होते म्हणा ना. आता उलटा खेळ होता. गाडी स्वतः चालणार, त्यानं हात मांडीवर ठेवून फक्त सावध बसायचं. आणि शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेल्या राजकन्येनं लिहायचं : गाडीनं काय केलं, आणि का केलं.

‘का’ महत्त्वाचं. कारण न सापडलेली एकच गोष्ट तीनदा झाली की चाचणी बंद. आणि ड्रायव्हरची खोड गाडीला लागली असं निघालं, तर त्याची सगळी तीन महिन्यांची मेहनत पुसायची आणि ड्रायव्हर घरी.

*

पहिले आठ दिवस मजेत गेले. लोह्याच्या अलीकडे अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं. गाडी त्यापुढं शहाण्यासारखी थांबली, आणि थांबलीच. शेवटी राशीवर बसलेल्या म्हातारीनं ओरडून विचारलं, “काय रं, इकत घ्यायचंय का नुसतं बघायचंय?” अहमदपूरच्या चौकात उलट्या बाजूनं तिघे एका मोटारसायकलवर आले; स्क्रीनवर गाडीनं त्यांच्याभोवती एकच चौकट काढली आणि खाली लिहिलं : एक व्यक्ती.

“तिघं एकावर एक बसलेत की,” संगमेश्वर म्हणाला. “हिचं काय चुकलं?”

राजकन्या हसली. त्यानं तिच्या हसण्याकडं बघितलं.

टिंग.

“ह्याचं कारण काय लिहू?”

“आरशात बघत होता, असं लिवा.”

“आरसा त्या बाजूला आहे.”

“मग लिवा… ड्रायव्हर वाट चुकून राहिला.”

तिनं ‘आरसा’ लिहिलं. त्या आठवड्यात तिनं सव्वीस वेळा ‘आरसा’ लिहिलं.

नवव्या दिवशी माळाकोळी मागं टाकली. बाराला दहा कमी. रस्ता रिकामा, धुऊन काढल्यासारखा स्वच्छ. वळण आलं, आणि स्टिअरिंग आपोआप उजवीकडे फिरलं. गाडीनं कशाला तरी अलगद वळसा घातला आणि ती पुन्हा आपल्या लेनमध्ये आली. एखादी बाई पदर सावरून बाजूनं जाते तशी.

राजकन्येनं मागं वळून बघितलं. काही नव्हतं. नुसता डांबरी रस्ता, वर थरथरणारं ऊन.

“काय होतं तिथं?”

संगमेश्वरच्या कपाळावर घाम होता. “अमावस्येला लोक उतारा ठेवतात हितं. लिंबू, भात. मी चाक लागू द्यायचो न्हाई… कोणबी देत न्हाई. हिनं ते शिकून घेतलं.”

“पण आज इथं उतारा नाही.”

“न्हाई ना.”

“मग?”

“मग काय… आपल्याला दिसत न्हाई एवढंच.” तो हसला, पण त्या हसण्यात जीव नव्हता. तिनं मात्र धीटपणे नोंद केली : कारण, रस्त्यावरची रूढी. एका ठिकाणचं कारण सापडलं होतं. तरी पुढचे दहा किलोमीटर ती आरशातून मागचाच रस्ता बघत होती. आणि त्या दहा किलोमीटरमध्ये, गीअरजवळ ठेवलेला त्याचा हात आणि बॅगेवर ठेवलेला तिचा हात यांच्यामधलं अंतर कमी कसं झालं, याची नोंद कुठंच नाही.

*

चाचणी एरवी नांदेडहून अहमदपूरपर्यंतच असायची, लातूरची फेरी कधीमधी. लातूर सोडताना, नांदेडच्या दिशेला, शहर संपता संपता एक थांबा लागतो. पत्र्याची शेड, सिमेंटचा बाक, एक लोखंडी खांब. गेलेल्या माणसाच्या नावाखाली बसून जिवंत माणसं एसटीची वाट बघतात. राजकन्येला तो चांगला ठाऊक होता. रेणापूरहून येऊन ती लातूरला खोली करून राहायची, चाकूरच्या कॉलेजात लॅब सांभाळायची, आणि दोन वर्षं रोज सकाळी इथूनच एसटी धरायची.

तिथं गाडीचा वेग कमी झाला.

पंचावन्न. चाळीस. एकोणीस. स्क्रीनवर एकही चौकट नाही. गाडीला कुणी दिसत नव्हतं, तरी ती कुणासाठी तरी हळू होत होती. थांबा ओलांडला आणि तिनं सुस्कारा टाकावा तसा वेग पुन्हा धरला.

“हे का?” राजकन्येनं विचारलं.

संगमेश्वरचे कान लाल झाले होते. “ठाव न्हाई.”

कारण : अज्ञात. एकदा.

दुसऱ्यांदा झालं तेव्हा वारा पडलेला होता, तरी शेडचा एक पत्रा टक, टक वाजत होता. बाक रिकामा. खांब रिकामा. राजकन्येला उगीच वाटलं, आपण आत बसलोय आणि बाहेरून कुणी आपल्याला बघतंय. तिनं काच वर केली. काच आधीच वर होती.

तिसऱ्यांदा दिवाळी होऊन गेली होती, आणि मागं उसाचा ट्रॅक्टर होता. दोन ट्रॉल्या, काठोकाठ. गाडी थांब्यापाशी नेहमीसारखी लाडात येऊन हळू झाली, आणि मागून ब्रेकची किंकाळी, उसाची मोळी रस्त्यावर, ट्रॅक्टरचं तोंड मागच्या काचेपासून वीतभर.

“गाडी चालवून राहिला का झोपून राहिला रे?” ट्रॅक्टरवाला ओरडला. “कोण हाय तिथं, म्हणून थांबला?”

कोणी नव्हतं.

*

आष्टामोडला हॉटेलात चहा सांगितला.

“संगमेश्वर, खरं सांगा. त्या थांब्यापाशी काय आहे?”

“कॅमेऱ्यावर धूळ बसली असं लिवा ना. भुसकट लई उडतंय.”

“ट्रॅक्टर थांबला म्हणून आपण चहा पितोय. ही गाडी उद्या हजार लोक घेतील. त्यांच्या मागचा ट्रॅक्टर थांबेल?”

तो कपाची कड बोटानं पुसत राहिला. मग म्हणाला, “तुमी उभ्या असायच्या.”

“…काय?”

“आठ चाळीसला. खांबाला टेकून. हिरवी ओढणी, बॅग अशी पोटाशी धरलेली. मला ना तुमचं नाव ठाव, ना गाव. नुसता वेग कमी करायचो. पंपावर तुमी दार उघडलं, तवा माझा श्वासच…” त्यानं मान खाली घातली. “हिला वाटलं, हितं हळूच जायचं असतं.”

राजकन्येच्या कानशिलांपर्यंत ऊब चढली. तिला हसू येत होतं, आणि ते लपवायला तिनं कप तोंडाशी नेला. “आणि मी बघायचे का वर?”

“कधीच न्हाई. म्हणायचो, बघल की उद्या. एक दिवस चुकला न्हाई तुमचा, पहिल्या दिवसापासनं. धो धो पाऊस असला तरी. रविवारीबी.”

“रविवारीबी?”

“हाव.”

हसू ओठांवर येता येता थबकलं. टेबलाखाली तिनं बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. बाहेर एसटी आली, गेली; धुळीचा लोट खाली बसला.

“रागावलात?”

“नाही.” तिनं कप ठेवला. “चहा गार झाला.”

तो तिच्याकडं बघत होता. सरळ, स्वच्छ नजरेनं. या माणसाला खोटं बोलता येत नाही, हे तिला सव्वीस ‘आरशां’मधून कळून चुकलं होतं. आणि तरी तिच्या मानेवरचे केस उभे राहिले होते.

“लिवा खरं,” तो म्हणाला. “माझी नोकरी जाऊ द्या. तुमची सही खोटी नको.”

*

कारण : चालकाची सवय. थांब्यावरील एका व्यक्तीला पाहण्यासाठी चालक रोज वेग कमी करत असे.

अण्णाराव सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. “कुणाला बघायला?”

“मला, सर.”

“तुला? अगं, पण तू तर तेव्हा…”

“मलाच, सर.” तिचा आवाज जरा चढला. संगमेश्वर दाराशी उभा होता.

अण्णाराव सरांनी तिच्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, पुढचा प्रश्न गिळून टाकला. सही केली. संध्याकाळी संगमेश्वरनं किल्ली टेबलावर ठेवली. त्याचे तीन महिने पुसले गेले.

बाहेर पायरीवर दोघं उभे राहिले.

“आता मी कोण तुमचा?” तो म्हणाला. “ना ड्रायव्हर, ना काय.”

“आता मला मॅडम म्हणायचं नाही. आणि ‘तुमी’ पण नाही.”

“मग?”

“राजकन्या म्हण. नाव आहे मला.”

त्यानं दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा जमलं.

*

पंधरा दिवसांत त्याला लातूरला दुधाच्या टँकरवर काम लागलं. चाकूरला त्याची आई, उमाबाई, वाट बघत होती. मुलगी कशी आहे हे तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. राजकन्या नांदेडहून थेट चाकूरला उतरली असती तर सोपं होतं. पण संगमेश्वरचा हट्ट, “आपण थांब्यावरनंच जाऊ. जोडीनं.”

ती आली. सकाळची वेळ, ऊन कोवळं. बाकावर दोन शाळकरी पोरी आणि एक दुधाची किटली. राजकन्येनं खांबाकडं बघायचं टाळलं होतं, रिक्षातून उतरल्यापासून.

“ऐक ना,” तो म्हणाला, “एकदा उभी राहा तिथं. टेकून. मला तसंच बघायचंय… जवळनं.”

“नाही.”

“एकदाच.”

“नाही म्हणलं ना.” तिनं त्याचा हात धरला. पहिल्यांदाच. त्याचा हात गरम होता, तिचा गार. “मी इथं आहे. इथं बघ. एवढं जवळ उभी आहे, तरी तुला ते लांबचंच पाहिजे?”

तो विरघळला. “लाजती व्हय?”

“हो,” ती म्हणाली. “लाजते.”

आणि बोलता बोलता तिनं त्याला हलकेच फिरवलं, त्याची पाठ खांबाकडं होईल असं. बाकावरच्या पोरी त्यांच्याकडं बघून खुसखुसत होत्या. मग त्यातली एक खांबाकडं बघून थोडी सरकली, कुणाला जागा करून द्यावी तशी. राजकन्येनं संगमेश्वरच्या शर्टाच्या गुंडीवर नजर रोखली. त्याचा हात तिनं सोडला नाही. लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला.

“राजकन्या,” तो म्हणाला, “माझ्याशी लग्न करशील?”

“करीन,” ती म्हणाली. “पण परत ह्या थांब्यावर यायचं नाही. कधीच. कारण विचारायचं नाही.”

“बरं.”

एसटी आली. ती त्याला पुढं घालून चढली आणि तिनं मागं बघितलं नाही.

राजकन्येनं लातूरची खोली आणि तो थांबा सोडला आणि ती नांदेडला बहिणीकडे राहायला गेली, तो दिवस एकतीस मेचा. संगमेश्वरनं ही गाडी पहिल्यांदा सुरू केली बारा जुलैला.