वाघोलीचं घर, दोन कार्डांवर

नवं ग्राफिक्स कार्ड खोक्यातून काढलं, तेव्हा सलिल देवधर त्याच्याकडे नव्या जावयाकडे पाहावं तसा पाहत राहिला. किंमत उरलेल्या सगळ्या नव्या कॉम्प्युटरहून जास्त. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो प्रकार. पण त्याचं पोटच त्यावर होतं. न बांधलेल्या इमारती बांधल्यासारख्या दाखवायच्या, बिल्डरांच्या जाहिरातींसाठी हुबेहूब चित्रं काढायची, हा त्याचा धंदा. आजवर तो विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत एका जुन्या लॅपटॉपवर चालला होता.

त्या लॅपटॉपला सलिलने कधी नावं ठेवली नाहीत आणि दुसऱ्या कुणाला ठेवू दिली नाहीत. चार जीबीचं इवलंसं कार्ड. काम काढलं की पंखा गिरणीसारखा घरघरायचा, खालचा पत्रा पोळी भाजावी इतका तापायचा. पण एकही चित्र त्याने अर्धवट टाकलं नव्हतं. नव्याची मेमरी अठ्ठेचाळीस जीबी. रविवारी सकाळी सलिलने ठरवलं, एकच फाइल दोघांना द्यायची आणि बघायचं. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

फाइल घरचीच होती. वाघोलीला होऊ घातलेल्या एका इमारतीतला फ्लॅट उद्या बुक करायचा होता. म्हणजे सलिलला करायचा होता. त्याची बायको पद्मजा अजून हो म्हणाली नव्हती.

"म्हातारपण दोघांनी तिथंच काढायचं," असं तो वर्षभर म्हणत होता.

"आधी घर दाखव, मग म्हातारपणाचं बघू," हे तिचं ठरलेलं उत्तर.

म्हणून त्याने नकाशावरून सगळं घर उभं केलं होतं. जेवणाचं टेबल, मागे खिडकी, खिडकीत तुळस. सगळं एका नजरेत यावं यासाठी चित्रातला कॅमेरा हॉलच्या भिंतीला टेकवून, डोक्याच्या उंचीवर ठेवला होता. माणूस मात्र एकही टाकला नव्हता.

लॅपटॉप आधी कामाला लागला. अशा चित्रात सुरुवातीला नुसते दाणे दिसतात, परातीत रवा पसरल्यासारखे. कार्डाची एकेक फेरी पुरी होते तसे ते निवळतात. जेवणाच्या वेळेपर्यंत भिंती निवळल्या, फरशी निवळली. टेबलाजवळचा एक डाग तेवढा निवळेना. बिचाऱ्याला मेमरी पुरत नसेल, असं म्हणत सलिल जेवायला उठला.

परत आला, तर डागाला पाठ आली होती. खुर्चीवर एक बाई बसली होती, एक पाय वर घेऊन.

पद्मजा हात पुसत मागे येऊन उभी राहिली. "ही कोण?"

"मी माणसं टाकलेली नाहीत."

"मग काय, फ्लॅटबरोबर फुकट देतायत?" ती वाकून पाहू लागली. "अरे, मीच आहे ही. असा पाय घेऊन दुसरं कोण बसतं? आणि केस पण पांढरे केलेस, शहाणा!" तिचा आवाज एकदम मऊ झाला. "छान आहे रे घर. तू कुठे आहेस?"

"दुपारची वेळ आहे. आत झोपलो असेन."

ती हसली. "कर उद्या बुक," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

सलिलला आनंद झाला. पण त्या पाठीवरून त्याची नजर हटेना. ही म्हातारपणी कशी दिसेल, ते त्याला पाहायचं होतं. त्याने तीच फाइल नव्या कार्डावर उघडली.

डोळ्याचं पातं लवायच्या आत घर उभं राहिलं. पडद्याचा धागा न् धागा, तुळशीच्या पानांतून झिरपलेलं ऊन, तांब्याच्या भांड्यात वाकलेली खिडकी. वा! सलिल मोठ्याने म्हणाला.

खुर्ची मात्र रिकामी होती.

नव्यात उरलेले दाणे अंदाजाने पुसून टाकायची सोय होती. सलिलने ती बंद केली.

दाणे उसळले, निवळले. खुर्चीत ती होतीच.

आणि ती हलत होती. जुन्याला एका फेरीला लागायचा तेवढ्या वेळात हे शेकडो फेऱ्या मारत होतं.

ती उठली. वळली. पद्मजाच. सत्तरीची असेल. हातांवरच्या शिरा, डोळ्यांखालच्या बारीक सुरकुत्या, सगळं इतकं सुंदर की सलिल खुर्ची पुढे ओढून पाहू लागला.

आतल्या खोलीतून कुणीच आलं नाही.

ती हळूहळू पुढे आली. अगदी जवळ. नजर सरळ त्याच्या डोळ्यांत.

तिने पदर हातात घेतला आणि समोरून फिरवला. चित्र आणखी स्वच्छ झालं.

मग तिने दोन्ही हातांनी समोरच्या दोन्ही कडा धरल्या. अख्खं घर किंचित कललं. पुन्हा सरळ झालं.

"चहा तिकडे आणू की इथे येतोस?" स्वयंपाकघरातून पद्मजाने विचारलं.



स्क्रीनवर वरून, दोन्ही कडांनी, पांढऱ्या शेवंतीचा हार खाली उतरला. पाकळ्यांवरचे पाण्याचे थेंबसुद्धा कार्डाने अचूक काढले होते.