पारखीच्या निसरड्या पायऱ्या

चोवीस तराफे आणि एकेका तराफ्यावर सोळा सौरपाट्या (उन्हापासून वीज तयार करणाऱ्या काचेच्या पाट्या). त्यांतल्या नऊ बंद पडल्या, तर चालू किती?

कस्तुरी नगरेने हे गणित आईच्या मागे स्कूटरवर बसून, तोंडी, धरणाचं वळण यायच्या आत सोडवलं होतं. "तीनशे पंच्याहत्तर," ती म्हणाली. आईने स्कूटर कडेला घेतली, फोनवर गुणाकार करून पाहिला. बरोबर होतं.

आता दुसरं गणित. पाच आंबे होते, दोन पोपटाने खाल्ले, उरले किती? हेही कस्तुरीलाच विचारलं होतं, त्याच आठवड्यात, शाळेत. तिने उत्तर दिलं, सात.

मग कस्तुरीला गणित येतं की येत नाही? तुम्हाला काय वाटतं ते मनात ठरवा आणि मग पुढे वाचा.

उजनी धरणाच्या पाण्यावर सौरपाट्यांचे तराफे दूरवर पसरले, त्यानंतरच्या काळातली ही गोष्ट. कस्तुरीची आई त्या वीजकेंद्रात पाट्यांच्या तापमानावर लक्ष ठेवायची. लक्ष ठेवणं हा तिचा स्वभावच होता. पाट्यांवर, दुधावर, कस्तुरीच्या खोकल्यावर. काठावरच्या शाळेत सहावीच्या मुलांचं एक जलपथक होतं. ती मुलं बुधवारी बोटीतून तराफ्यांपर्यंत जायची आणि पाण्याचं, उन्हाचं मोजमाप घ्यायची. ते आकडे खरोखर केंद्रात वापरले जायचे, म्हणून अट होती: गणितात सहावी पायरी हवी.

पायरी ठरवायचा पारखी. पारखी म्हणजे शाळेतला यंत्रमानव, तीन चाकांवरचा, रांजणाएवढा, पोटावर पडदा असलेला. त्याने कस्तुरीला दिली होती दुसरी पायरी.

"पोपटाने खाल्ले की परत आणून दिले गं?" मधल्या सुट्टीत वर्गातला निहाल म्हणाला.

"तुझ्यासाठी ठेवलेत दोन," कस्तुरी म्हणाली. पण डबा तसाच परत आला. हे अर्थातच आईच्या लक्षात आलं.

"फेरचाचणी शनिवारी आहे," आई म्हणाली. "आपण रोज सराव करू. मी आंब्यांची वीस गणितं काढते."

"आई, मला आंब्यांची गणितं येतात."

"मग चुकलं कसं?"

"तेच तर मला कळत नाहीये. आणि ते कळल्याशिवाय मी शनिवारी बसणार नाही. पुन्हा दुसरी पायरी आली तर वर्षभर काठावर उभं राहून हात हलवत बसावं लागेल."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघी पारखीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. वर्गशिक्षिका देवयानी बाई वह्या तपासत तिथेच बसल्या होत्या.

"पारखी," कस्तुरीने विचारलं, "तू पायरी ठरवतोस कशी? अगदी पहिल्यापासून सांग."

"सांगतो," पारखी म्हणाला. "माझी चाचणी अनुकूली असते (म्हणजे तुझं उत्तर पाहून पुढचा प्रश्न निवडणारी). मी मधल्या पायरीवरचा प्रश्न विचारतो. बरोबर आला, तर एक पायरी वर जातो. चुकला, तर एक पायरी खाली. असं वरखाली करत एक जागा सापडते, जिथे तुझे साधारण निम्मे प्रश्न बरोबर येतात आणि निम्मे चुकतात. ती तुझी पायरी."

"म्हणजे सगळ्यांना शंभर प्रश्न सोडवायला लागत नाहीत," आई म्हणाली.

"नाही. हुशार मुलांना कंटाळा येत नाही आणि अडणाऱ्या मुलांना घाम फुटत नाही. माझं गणित आजवर चुकलेलं नाही."

"मग चूक गणितात नसेल," कस्तुरी म्हणाली. "मला माझे प्रश्न पुन्हा दाखव. एकापाठोपाठ एक."

पडद्यावर प्रश्न आले. आई जवळ जाऊन एकेक वाचू लागली. कस्तुरी मात्र मागे सरकली, पार भिंतीपर्यंत.

"अगं, तिथून दिसेल का वाचायला?"

"वाचायचं नाहीये. नुसतं बघायचंय."

इथे कस्तुरीबद्दल एक सांगायला हवं. तिला वाचायला फार वेळ लागायचा. 'तराफा' हा शब्द तोंडाने ती सहज म्हणायची, पण कागदावर दिसला की त यायचा, रा यायचा, आणि फा येईपर्यंत त निसटून जायचा. एक पान संपायला इतरांची चार मिनिटं आणि तिची अर्धी तासिका. म्हणून तिला सवय लागली होती, पान वाचायच्या आधी त्याचा आकार बघायचा. कुठे काळं दाट आहे, कुठे मोकळं.

"थांब," ती म्हणाली. "आई, इकडे ये. डोळे थोडे मिटून बघ. वरच्या पायरीवर काय दिसतंय?"

"थोडेसे आकडे. बाकी पांढरं."

"आणि खाली जाताना?"

आईने पाहिलं. तिसऱ्या पायरीवर काळं वाढलं होतं. दुसऱ्या पायरीवर तर जवळजवळ पडदा भरला होता. शेवंता, तिचं परस, आंब्याचं झाड, फांदीवर झोके घेणारा हिरवागार लबाड पोपट, आणि या सगळ्यात कुठेतरी पाच आणि दोन.

"सोपे प्रश्न लहान मुलांसाठी असतात ना," देवयानी बाई वह्या सोडून उठल्या. "लहानांना नुसते आकडे रुक्ष वाटतात. म्हणून आम्हीच ते गोष्टीत घातले. मी स्वतः लिहिलाय तो पोपट."

"छान आहे तो, बाई," कस्तुरी म्हणाली. "पण तो येईपर्यंत मी दमले होते. पाच दिसले, दोन दिसले, मी बेरीज करून टाकली."

आई हळूच खाली बसली. "म्हणजे पारखी हिला सोपं म्हणून खाली आणत होता, आणि हिच्यासाठी प्रत्येक खालची पायरी जास्त निसरडी होती."

"हा अंदाज आहे," पारखी म्हणाला. "अंदाज तपासावा लागतो."

"मग तपासू," कस्तुरी म्हणाली. "एकाच जातीची तीन गणितं दे. गुणाकार करायचा आणि वजा करायचं. एक नुसत्या आकड्यांत, एक बोलून, एक लिहून. बाकी काही बदलायचं नाही."

असं एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणं, याला नियंत्रित प्रयोग म्हणतात (म्हणजे फरक पडला तर तो कशामुळे पडला, हे नेमकं कळतं).

पहिलं आलं: २३ × १५ − ८. "तीनशे सदतीस," कस्तुरीने सांगितलं.

दुसरं पारखीने बोलून विचारलं. अठरा होड्या, प्रत्येकीत पंधरा जाळी, सहा फाटकी, तर चांगली किती? कस्तुरीने डोळे छताकडे लावले. "दोनशे चौसष्ट."

तिसरं पडद्यावर उमटलं. चौदा पेट्या, प्रत्येकीत बारा दिवे आणि भोवती पाच ओळींची दिवाळी. आईचं ते वाचून झालं, पुन्हा वाचून झालं. मदत करू नये म्हणून तिने स्वतःचे हात पाठीमागे धरून ठेवले. शेवटी कस्तुरी म्हणाली, "एकशे पंच्याहत्तर."

"एकशे एकसष्ट," पारखी म्हणाला. "सात दिवे फुटले होते. तू ते मिळवलेस. आणि तिन्हींत याच गणिताचे आकडे सगळ्यांत लहान होते." त्याने तिन्ही गणितं पडद्यावर शेजारी शेजारी मांडली. "मी तुझं गणित मोजत नव्हतो. मी तुझं गणित आणि वाचन एकत्र मोजत होतो आणि त्याला गणित म्हणत होतो."

"हिला नक्की काय होतंय?" आईने विचारलं. हा प्रश्न तिच्या मनात फार दिवस दडलेला होता.

"याला बहुधा डिस्लेक्सिया म्हणतात (अक्षरं ओळखून जोडायला मेंदूला जास्त कष्ट पडणं, हुशारी कमी असण्याशी त्याचा संबंध नाही). पण नक्की सांगणं तज्ज्ञांचं काम आहे. त्यांना दाखवा. वाचन शिकवता येतं. मी शब्दांचे आवाज सुटे करून, ओळींत मोकळी जागा ठेवून, रोज थोडं थोडं शिकवू शकतो. वेळ लागेल."

"लागू दे," कस्तुरी म्हणाली. "पण शनिवारी मला प्रश्न बोलून विचार."

देवयानी बाईंनी मान हलवली. "तसं कसं, बाळा? परीक्षा सगळ्यांना सारखी हवी. उद्या मुलं म्हणतील, हिला सोपं करून दिलं."

"सोपं नका करू. तेवढंच अवघड ठेवा." कस्तुरी एक पाऊल पुढे आली. "बाई, भिगवणच्या लिलावात मासे टोपलीसकट तोलतात का? टोपली आधी वजा करतात. कुणाची टोपली ओली असते, जड असते. म्हणून त्याच्या माशाचा भाव कुणी बदलत नाही."

बाई आईकडे वळल्या. "घरी पण अशीच बोलते?"

"घरी जास्त," आई म्हणाली. "आणि मॅडम, वाचनाची परीक्षा हवी तर वेगळी घ्या. त्यात ती मागे आहे, ते आम्ही मान्य करतो. पण मागे असलेली गोष्ट पुढे असलेल्या गोष्टीवर बसवू नका."

बाईंनी थोडा विचार केला. "एकटीला नाही देणार," त्या म्हणाल्या. "शनिवारी प्रत्येक बाकावर पडद्याशेजारी कानयंत्र ठेवते, प्रश्न कानात बोलून दाखवणारं. ज्याला वाचायचंय त्याने वाचावं, ज्याला ऐकायचंय त्याने ऐकावं. प्रश्न तेच."

शनिवारी कस्तुरीने कानयंत्र लावलं. आपल्याकडे सगळे बघतील असं तिला वाटलं होतं. तिने मान वळवली, तर मागच्या बाकावरच्या अफसानाने लावलं होतं. खिडकीजवळच्या प्रथमेशने आधी काढून ठेवलं, मग इकडेतिकडे बघून पुन्हा लावलं.

चौथी पायरी बरोबर. पाचवी बरोबर. सहावीवर अपूर्णांक आले, एक चुकला. पारखी पाचवीवर उतरला. या वेळी खालची पायरी खरोखर सोपी होती. तिच्यावर पाय टेकवून कस्तुरी पुन्हा वर चढली. सहावी बरोबर, सातवी चूक, सहावी बरोबर. ऐकलेला प्रश्न लक्षात ठेवायला तिला डोकं ताणावं लागत होतं, तळहाताला घाम आला होता, पण हा घाम गणिताचा होता आणि तो तिला चालत होता.

पारखीच्या पोटावर आकडा उमटला. सहा.

"अफसानाला पण गेल्या खेपेपेक्षा दोन पायऱ्या वरची मिळाली," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हणून मी आता सगळ्यांच्या जुन्या चाचण्या उघडतोय. आणखी कोण कोण असं घसरलंय ते शोधतो."

"नुसतं लिहिलेलं बघू नकोस," कस्तुरी म्हणाली. "ज्यांना ऐकायला कमी येतं, त्यांना बोललेले प्रश्न अवघड जातील. त्यांनाही विचार."

"विचारतो," पारखी म्हणाला, आणि त्याच्या पडद्यावर नावं सरकू लागली.

बुधवारी बोट सुटली. आईने काठावर कस्तुरीच्या जीवरक्षक जाकिटाचे पट्टे दोनदा ओढून पाहिले आणि मग, मनाविरुद्ध, सोडून दिले. तराफ्यांपाशी पोहोचल्यावर वीजकेंद्राच्या अभियंत्या शिंगटे ताईंनी मोजमापाचं यंत्र आणि बारीक अक्षरांत छापलेला सूचनांचा कागद कस्तुरीच्या हातात दिला.

"घे, सगळं यात आहे. वाच आणि सुरू कर."

कस्तुरीने कागदाकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत काळं, कुठे मोकळं नाही. बोटीतली मुलं तिच्याकडे बघू लागली.

"ताई, मला हे वाचायला फार वेळ लागेल," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुम्ही एकदा वाचून दाखवा. मोजायचं मी बघते."

ताईंनी कागद परत घेतला आणि वाचायला सुरुवात केली. कस्तुरीने यंत्राची दोरी मनगटाला गुंडाळली, वाकली आणि ऐकता ऐकता ते पाण्यात सोडलं.